आरोहीचं जावळ, आरोहीची लस

पाचव्या महिन्यातलं जावळ पेरणीनं पुढं ढकललं. सातव्यात आजोबा अर्जुनरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. नवव्यात मामाशीच भांडण झालं. आता आरोहीला अकरावा लागला होता, केसांच्या जटा झाल्या होत्या आणि छबुबाईनं नातीच्या डोळ्यांवर येणाऱ्या बटा लाल रबरात बांधून डोक्यावर कारंजं उभं केलं होतं. घाटनांदूरच्या बाजारात कुणीही विचारायचं, जावळ कधी? छबुबाई सांगायची, मामाला सवड न्हाई.

मामाला सवड होती. मामाला बोलावणं नव्हतं.

मामा म्हणजे सून अंजनाचा धाकटा भाऊ, डॉक्टर रामेश्वर. पलीकडच्या तालुक्यात सरकारी आरोग्य केंद्रावर होता. दोन महिन्यांपूर्वी हनुमान लेकीचा खोकला दाखवायला तिथं गेला होता. रामेश्वरनं छाती तपासली आणि गोवरची लस दिली का विचारलं. हनुमान म्हणाला, दिली नाही आणि देणारही नाही. पुढचं सगळं बाहेरच्या रांगेनं ऐकलं. डॉक्टरांनी स्वतःच्या दाजीला अडाणी म्हटलं, मोबाईलवरचे व्हिडिओ बघून पोरं मारायला निघालात म्हटलं, आणि शेवटी म्हटलं की लस द्यायची नसेल तर पोरगी पुन्हा माझ्याकडं आणू नका. हनुमाननं पोरीला उचललं आणि खोकल्याचं औषध टेबलावरच ठेवून तो निघून आला. जावयाला चारचौघांत असं बोललेलं त्याच्या घराण्यात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. रामेश्वरच्या घराण्यातही नव्हतं.

पण जावळ मामाच्या मांडीवरच काढायचं असतं. दुसऱ्याची मांडी चालत नाही. आणि ते विषम महिन्यात काढायचं. अर्जुनराव माजी सरपंच असल्यामुळं शेवटचा निकाल त्यांनी दिला: अकरावा हुकला तर सरळ तिसऱ्या वर्षावर जाईल, आणि तोवर पोरगी जटा घेऊन फिरंल. लशीबद्दल मात्र त्यांनी निकाल दिला नव्हता. लेकाला ते म्हणायचे, तू बाप हायस, तुझं खरं. रामेश्वरला फोनवर म्हणायचे, तुमी डॉक्टर, तुमचं खरं. वीस वर्षं राजकारण असंच केलं होतं आणि त्यात त्यांचं कधी काही अडलं नव्हतं.

छबुबाईचं अडलं होतं. रेल्वे फाटकाच्या पलीकडं दोन लेकरांना गोवर निघाल्याचं तिनं ऐकलं होतं. लहानपणी तिची एक बहीण गोवरातच गेली होती. तिचं नाव आता घरात छबुबाईशिवाय कुणालाच आठवत नव्हतं. लेकाशी वाद घालून ती थकली होती, म्हणून तिनं वाद सोडून बेत आखला. जावळाचा दिवस तिनं मुद्दाम बुधवारचा धरला, कारण त्या बुधवारी दोन गल्ल्या सोडून अंगणवाडीत लस द्यायला नर्सबाई येणार होत्या. लेकानं विचारलं तेव्हा मुहूर्त चांगला हाय म्हणाली. ते खोटं नव्हतं.

*

रामेश्वर सकाळीच आला. मोटारसायकलच्या डिकीत भाचीचं झबलं-टोपी, चांदीचे वाळे, बहिणीला साडी आणि दाजीला पोशाख होता. वाटेत त्यानं माफीची वाक्यं जुळवली होती. अंगणात शिरला तेव्हा बोकड कापून झालं होतं, चुलवणावर मोठा टोप चढला होता आणि हनुमान सरपण फोडत होता.

"या डॉक्टर," हनुमान म्हणाला आणि पुन्हा कुऱ्हाड उचलली.

पाव्हणं म्हणाला नाही. जुळवलेली वाक्यं रामेश्वरला त्या कुऱ्हाडीच्या आवाजात म्हणता येईनात. त्यानं पोशाख अर्जुनरावांच्या हातात दिला. अर्जुनरावांनी कापड बोटांनी चाचपलं, चांगलं हाय म्हणाले आणि आपल्याला काय आणलं याची हळूच चौकशी केली.

मग छबुबाईनं त्याला चुलवणाच्या मागं बोलावून घेतलं. टोपाला कलथा मारत मारत तिनं सगळा बेत सांगितला. न्हाव्याचा वस्तरा डोक्याला लागला की पोरगी रडणारच. गडगडून रडणार. वाजंत्रीही सांगितलेली होती. नर्सबाईंना निरोप गेलेला होता. डॉक्टर स्वतः टोचणार असले तर त्या लशीची पेटी घेऊन मागच्या दारानं यायला तयार होत्या. पोरगी मामाच्या मांडीवर, अंगावर टॉवेल, सगळ्यांचं लक्ष डोक्याकडं.

"दंडात टोचून टाका. कुणाला पत्ता लागतोय? हनुमानला तर रगत बघवत न्हाई, तो तिकडं तोंड करून हुभा राहतोय."

"ताईला म्हाईत हाय?"

"तिनंच टॉवेल काढून ठिवलाय."

रामेश्वर हसला नाही. मागच्याच आठवड्यात त्यानं गोवरातून न्यूमोनिया झालेलं एक वर्षाचं पोर अंबाजोगाईला पाठवलं होतं. अॅम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजनचा मास्क त्या पोराच्या तोंडाला मोठा होत होता, म्हणून त्याच्या आईनं तो हातानं दाबून धरला होता. ते पोर बरं होऊन घरी गेलं. पण त्या दिवसापासून रामेश्वरला भाचीची आठवण आली की तो मास्क आठवायचा. आणि इथं काम दोन मिनिटांचं होतं. वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होतं. घरातल्या दोन बायकांची संमती होती, त्यातली एक पोरीची आई. कायद्यातही कदाचित बसलं असतं.

"मावशी, मी न्हाई टोचणार," तो म्हणाला. "दाजींना विचारल्याबिगर न्हाई."

"त्यो न्हाई म्हनतोय, म्हणून तर तुमाला बोलावलंय."

"मग त्यांना हो म्हणायला लावायचं. ते माझं काम हाय. मागच्या बारीला मीच ते नासवलंय."

छबुबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं ती बाजारात जास्त भाव सांगणाऱ्याकडं बघायची.

"लई शिकलास बाबा," ती म्हणाली. "पर उपेग काय?"

*

अंजनाला हे कळलं नव्हतं. ती टॉवेल घेऊन बसली होती.

पाटावर रामेश्वर, त्याच्या मांडीवर आरोही. नणंद वनमाला समोर पदर पसरून बसली, कारण केस आत्याच्या पदरात पडायचे असतात. न्हावी रामहरीनं वस्तऱ्यात नवं पान घातलं आणि सगळ्यांना दाखवलं. पहिली बट निघाली तशी आरोहीनं तोंड उघडलं, श्वास घेतला आणि वाजंत्री फिकी पडली.

अंजनानं भावाच्या हाताकडं बघितलं. एक हात पोरीच्या हनुवटीखाली होता, दुसरा पोटावर. तिनं मागच्या दाराकडं बघितलं. दार लावलेलं होतं. तिनं डोळ्यांनी विचारलं. रामेश्वरनं नाही अशी मान हलवली. अर्धं डोकं झालं, पाऊण झालं. वनमालाचा पदर काळ्या केसांनी भरत चालला आणि अंजनाचा राग भरत चालला. नवऱ्याशी दोन महिने भांडून पदरात काही पडलं नव्हतं. सासूशी संगनमत करून पहिल्यांदा काहीतरी होणार होतं, आणि ऐन वेळेला सख्खा भाऊ फुटला.

मग तिचं लक्ष हनुमानकडं गेलं. सासू म्हणाली होती तसाच तो खांबाला टेकून पाठमोरा उभा होता. पण कान इकडंच होते. पोरीचा आवाज चढला की त्याचे खांदे वर जात होते, उतरला की खाली येत होते. एकदा आरोहीचं रडणं मध्येच थांबलं तेव्हा तो गर्रकन वळला. तिच्या तोंडात वनमालानं बत्तासा दिला होता. तो पुन्हा पाठमोरा झाला.

अंजनाला गेल्या दोन महिन्यांत तो आडमुठा वाटला होता, व्हिडिओवाल्या दोस्तांचा बैल वाटला होता. बेपर्वा तो नव्हता, हे तिला माहीत असूनही ती विसरली होती. तिसरी लस दिली त्या रात्री पोरीला ताप भरला, मांडी सुजली, तेव्हा हाच तिला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारत होता. काही होत नाही, घेऊन जा, असं त्या दिवशी कुणीतरी त्याला सांगितलं होतं. ते वाक्य तो अजून चिडून म्हणून दाखवायचा.

टक्कल झालं. रामहरीनं डोक्यावरून हात फिरवला आणि पोरगी बापावर गेली म्हणाला. हनुमानच्या डोक्यावर दाट केस होते, त्यामुळं लोक हसले. वनमालानं टकलावर कुंकवानं स्वस्तिक काढलं. अंजनानं टॉवेल घडी करून आत नेऊन ठेवला आणि भावाशी न बोलता पत्रावळ्या मांडायला लागली.

*

पंगतीत हनुमान आणि रामेश्वर शेजारी बसले, कारण अर्जुनरावांनी तसं बसवलं. दोघंही भाकरी कुस्करत होते आणि समोर बघत होते. पलीकडं वस्तीवरची साखराबाई नातवाला मांडीवर घेऊन रस्सा फुंकत होती.

छबुबाईला गुपित पेलत नसे, आणि राग आला की मुळीच पेलत नसे. ती वाढत वाढत आली. लेकाच्या पत्रावळीत तिनं मटणाच्या दोन फोडी टाकल्या आणि रामेश्वरच्या पत्रावळीत एक.

"ह्यांना कमीच वाढावं," ती अर्जुनरावांना म्हणाली. "पोरगी मांडीवर आयती दिली, नर्सबाई दाराशी आणून ठिवायची तयारी केली, तरी सुई टोचायला न्हाई झालं ह्यांच्याच्यानं. दाजींना इचारतो म्हणं."

पंगत थांबली. अर्जुनरावांनी ताबडतोब चष्मा पुसायला घेतला. हनुमान एकदा आईकडं बघत राहिला, एकदा बायकोकडं. अंजना भाकरीची परडी घेऊन होती तिथंच उभी राहिली.

"तुमी दोघींनी?" तो म्हणाला.

हनुमान खरकट्या हातानंच उठला आणि परसात शेळ्यांच्या शेडकडं गेला. रामेश्वर तांब्या घेऊन त्याच्या मागं गेला. छबुबाई निघाली होती, तिचा पदर अंजनानं धरला.

शेडमध्ये उस्मानाबादी शेळ्या बांधलेल्या होत्या. शेड मोठं होतं आणि शेळ्या त्या मानानं थोड्या होत्या. रामेश्वरनं दाजीच्या हातावर पाणी घातलं. हनुमाननं हात धुऊन घेतले, कारण पाणी घालणाऱ्याला मध्ये थांबवता येत नाही.

"कावून न्हाई टोचलं?" त्यानं विचारलं.

"तुमी हो म्हणला नव्हता."

"मला कुठं कळलं असतं?"

"आज न्हाई कळलं असतं. पर दुसरा डोस दीड वर्षाची झाल्यावर असतो. तवा काय, पुन्हा जावळ काढायचं?"

हनुमानला हसू आलं. ते त्यानं एका शेळीकडं तोंड करून संपवलं.

रामेश्वर जुळवून आणलेली वाक्यं एव्हाना विसरला होता. त्यानं साधं सांगितलं की त्या दिवशी लोकांसमोर बोलला ते चुकलं. पोरगी आणू नका म्हणाला, ते तर रागातही बोलायला नको होतं. लस द्या नाहीतर देऊ नका, आरोही आजारी पडली तर अर्ध्या रात्रीही माझ्याकडं आणायची.

"आणि त्या दिवशी मी सगळं बोललो, पर एक इचारलंच न्हाई," तो म्हणाला. "तुमी कावून नको म्हणता?"

हनुमाननं खिशातल्या मोबाईलला हात लावला आणि हात काढून घेतला. व्हिडिओ त्यालाही फारसे पटत नव्हते. वाद घालणाऱ्याच्या तोंडावर मारायला बरे पडायचे, म्हणून तो ते दाखवायचा. खरं कारण शेडमधल्या रिकाम्या खुंट्यांशी होतं. ते त्यानं थांबत थांबत सांगितलं.

पावसाळ्याच्या तोंडाला वस्तीवर शेळ्यांना लस टोचायला माणसं आली होती. लोक तयार नव्हते. हनुमान दारोदार फिरला. माझ्या टोचतोय, तुमच्याबी टोचा, मी हाय ना, असं त्यानं सांगितलं. त्याच्या शब्दावर लोकांनी शेळ्या सोडून आणल्या. पुढच्या आठ-दहा दिवसांत कुणाच्या गाभण शेळ्या गाभडल्या, कुणाच्या मेल्या. कुणी म्हणालं लशीनं झालं, कुणी म्हणालं बाजारातून आणलेल्या जनावरांबरोबर रोग आधीच आला होता. साखराबाईच्या दावणीला एकच पाट, न व्यालेली कोवळी शेळी, उरली. ती भांडली नाही. ओट्यावर येऊन बसली आणि एवढंच म्हणाली, तू म्हणलास म्हणून रं बाबा.

"तवापासून ठरवलं," हनुमान म्हणाला. "सुईला हो म्हणायचं न्हाई. हो म्हणलंच न्हाई, तर कुणी ओट्यावर येऊन बसणार न्हाई."

खाली बघतच त्यानं विचारलं, "तू डॉक्टर हायस. शेळ्या कशानं गेल्या?"

योगायोग हा शब्द रामेश्वरच्या जिभेवर आला. आरोग्य केंद्रात तो दिवसातून दोनदा तरी वापरायचा.

"मला म्हाईत न्हाई, दाजी," तो म्हणाला. "मी जनावरांचा डॉक्टर न्हाई आणि मी तिथं नव्हतो. ज्याला कळतं अशा माणसाकडं आपण दोघं जाऊन इचारू. त्यालाबी नक्की सांगता आलं न्हाई, तर तसं समजायचं."

हनुमाननं मान वर केली. त्याला आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी उत्तर दिलं होतं, त्यांना सगळ्यांना नक्की माहीत होतं.

"आणि आरोहीचं?"

"तिचं म्हाईत हाय. ते सगळं सांगतो, चांगलंबी आणि वाईटबी."

त्यानं सांगितलं. टोचताना रडेल. आज ताप बहुतेक येणार नाही, पण या लशीचा ताप आठवड्यानं येऊ शकतो. एखाद्या पोराला थोडी पुरळही दिसते, दोन-तीन दिवसांत जाते. लाखांतल्या एखाद्याला जोराची अॅलर्जी होते आणि ती बहुधा लगेच होते, म्हणून अर्धा तास बसवून ठेवायचं असतं. त्यावरचं औषध तिथंच असतं. मग त्यानं गोवरचं सांगितलं, आणि अंबाजोगाईला पाठवलेल्या पोराचं, आणि त्याच्या आईच्या हाताचं. आवाज चढवला नाही.

"तुझ्या पोराला दिलीस?" हनुमाननं विचारलं.

"दिली. आठव्या दिवशी ताप आला. त्याची माय माझ्याशी बोलत नव्हती."

"किती दिवस?"

"ताप एक दिवस होता. ती चार दिवस."

आता हनुमान तोंड न वळवता हसला. शेडच्या दारातून परसातली चुलवणं दिसत होती. त्यांच्या आडोशाला छबुबाई आणि अंजना भांडी घासायच्या निमित्तानं दोघी मिळून एकच पातेलं धरून बसल्या होत्या.

"अंगणवाडी किती वाजेपर्यंत उघडी असती?" हनुमाननं विचारलं.

*

अंगणवाडीत सगळं घरच गेलं. अर्जुनराव नव्या पोशाखात पुढं होते आणि वाटेत भेटेल त्याला आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो असं सांगत होते. पोशाख हनुमानसाठी आणलेला होता, हे कुणी काढलं नाही. अंजनानं भावाला पंगतीत कमी पडलेली फोड डब्यात बांधून दिली होती. तेवढ्यावर त्यांचं भांडण मिटलं.

पोरीला मांडीवर घ्यायला नर्सबाईंनी मामाकडं हात केला. हनुमाननं लेकीला स्वतःच्या मांडीवर घेतलं. सुई गेली तेव्हा त्यानं भिंतीवरच्या चित्रातल्या आंब्याकडं बघितलं आणि आरोहीनं त्याच्याकडं. ती रडली, पण वस्तऱ्याला रडली होती त्याच्या निम्मीही नाही. मग सगळे सतरंजीवर अर्धा तास बसले. कुंकवाचं स्वस्तिक घामानं कपाळावर उतरलं होतं. पोरगी बापाच्या शर्टाचं बटण चोखत होती आणि बाप दर मिनिटाला तिच्या पोटाला हात लावून बघत होता.

तेवढ्यात साखराबाई आली. पंगतीतून हात धुऊन ती मागोमागच निघाली होती. नातू कडेवर होता, वर्षाचा असेल. उंबऱ्यातच थांबून तिनं नर्सबाईंकडं बघितलं नाही, डॉक्टरकडंही नाही.

"हनुमान," ती म्हणाली, "टोचू का रं आमच्याला?"

छबुबाईनं तोंड उघडलं. अंजनानं तिचा गुडघा दाबला. अर्जुनराव खिडकीतून बाहेर बघायला लागले.

"मी न्हाई सांगणार, मावशे," हनुमान म्हणाला. "मागं सांगितलं तेवढं बास झालं. माझ्या पोरीला टोचली, ते माझं झालं. तुझं तू इचार. ह्यो बसलाय, माझा मेव्हणा. काय इचारायचं ते इचार, शेळ्यांचंबी इचार. ह्याला जे म्हाईत न्हाई, ते म्हाईत न्हाई म्हणतो."

साखराबाईनं थोडा विचार केला. चपला काढल्या, नातवाला कडेवरून उतरवून सतरंजीवर ठेवलं आणि रामेश्वरच्या समोर मांडी घालून बसली.

पहिला प्रश्न तिनं शेळ्यांचाच विचारला.